अक्षराची साधना आणि आपण

संस्कृत श्लोक वळणदार अक्षरांत काढणं ही आध्यात्मिक साधना आहे, असं सुलेखनवाले सांगतात. ओम् काढा, मन शुद्ध होतं म्हणे. आपले काही कार्यकर्ते यावर सरळ पाठ फिरवतात : ते बामनाचं काम, आपल्याला काय करायचंय? मला दोन्ही पटत नाही.

आधी लिपीचं बघू. संस्कृतला स्वतःची अशी लिपीच नाही. ब्राह्मी, ग्रंथ, शारदा, सिद्धम्, नागरी – ज्या मुलखात गेली तिथलं अक्षर तिनं घेतलं. अशोकानं इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात शिळांवर प्राकृत कोरली. संस्कृतातला पहिला मोठा गद्य शिलालेख रुद्रदामनचा, गिरनारचा, इ. स. १५०च्या सुमाराचा. म्हणजे अक्षर आधी लोकांच्या बोलीला मिळालं, देववाणीला मागून. कार्ल्याच्या लेण्यात तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. ज्याच्या कानावर पहारा, त्याच्या हाती बोरू कोण देणार?

संस्कृत अक्षराची साधना बघायचीच तर जपानात बघा. कुकाई नावाचा भिक्खू ८०६ साली चीनमधून सिद्धम् लिपीतले मंत्र घेऊन परतला. त्याच्या शिंगोन पंथात अजून ‘अ’ हे एकच अक्षर समोर ठेवून ध्यान करतात. बौद्धांनी जपलं म्हणून मी त्याला सूट देणार नाही. बुद्धवचन छंदस्मध्ये घालू का, असं दोन ब्राह्मण भिक्खूंनी विचारलं तेव्हा बुद्धानं नकार दिला, हे चुल्लवग्गात आहे. अक्षराची पूजा सुरू झाली की अर्थ विचारायचा राहतो.

बोरूचं टोक तिरपं कापतात. एकाच कोनात धरला की एक रेघ जाड, एक बारीक उतरते. हात थरथरला की अक्षर गेलं. यात मन लागतं, हे खरं. पण रिंगखात्यात तुटलेला धागा सांधतानाही माझं मन असंच लागतं. त्याला कुणी अध्यात्म म्हणत नाही, पाळी म्हणतात. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात मुसलमान कारागीर चिंध्या कुटून कागद करायचे. त्यांच्या घामाला कुणी साधना म्हटलं?

म्हणून कला टाकायची का? नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. पुढं ते संस्कृत शिकले. १९२७ला महाडात मनुस्मृती जाळली, आणि १९४६ला शूद्रांवरचं पुस्तक लिहिताना ऋग्वेदच पुरावा म्हणून उलगडला. र. कृ. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला. त्यात श्लोकही उमटतो, राज्यघटनाही. अक्षर कुणाला बाटवत नाही न् कुणाला पावन करत नाही.

मित्रांनो, १९७८ ते १९९४, सोळा वर्षं नामांतराच्या घोषणा मराठवाड्याच्या भिंतींवर होत्या. त्यासाठी पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. ती अक्षरं वाकडी असतील, रंग ओघळला असेल. पण सुलेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यानं ती भिंत वगळली तर तो इतिहास अर्धा आहे. उरलेला अर्धा आपण लिहायचा – टोक नीट कापून, चांगल्या अक्षरात.