संख्यानामांचा वाद आणि गणनवैकल्य

२०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातील इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकावरून जो वाद उद्भवला, तो वृत्तपत्रांच्या दृष्टीने काही आठवड्यांतच शिळा झाला. बालभारतीच्या या पुस्तकात एकवीस या संख्येचे 'वीस एक', त्र्याहत्तरचे 'सत्तर तीन' असे वाचन सुचविलेले होते. रूढ नावे काढून टाकलेली नव्हती. त्यांच्या जोडीला ही नवी रचना ठेवलेली होती. तथापि मराठी भाषेची मोडतोड होत असल्याचा आरोप झाला, आडनावांवर कोट्या झाल्या, प्रश्न विधानसभेपर्यंत गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (निधन २०२३) यांनी पुस्तकाची बाजू मांडताना दक्षिणेकडील भाषांचा व इंग्रजीचा दाखला दिला. त्या भाषांत दशक आधी व एकक नंतर उच्चारला जातो, लिहिण्याचा क्रमही तोच असतो, आणि त्यामुळे मुलांचा गोंधळ कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादाचे पुनर्विलोकन करण्याचे कारण असे, की त्यात दोन्ही पक्षांनी 'गणित कठीण जाणारे मूल' या एकाच शब्दसंहतीखाली दोन सर्वस्वी भिन्न मुलांना उभे केले. एकाची अडचण भाषेने निर्माण केलेली आहे. दुसऱ्याची अडचण संख्येच्या आकलनातच आहे. या दुसऱ्या मुलाच्या स्थितीस डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. येथे तिच्यासाठी गणनवैकल्य हा शब्द योजिला आहे. हा भेद न केल्याने पहिल्या मुलावर नसलेल्या विकाराचा शिक्का बसण्याचा आणि दुसऱ्याचा असलेला विकार दृष्टीआड होण्याचा, असा दुहेरी धोका संभवतो.

प्रथम भाषेचा विचार केला पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकाच्या समर्थकांनीही मराठी संख्यानामांची खरी दुर्घटता पुरती मांडली नाही. त्यांचा भर क्रमाच्या उलटापालटीवर व काही प्रमाणात जोडाक्षरांवर होता. जोडाक्षरांचा मुद्दा दुबळा आहे. सहा-सात वर्षांचे मूल 'अठ्ठावन्न' हा शब्द लिहिण्यापूर्वी कितीतरी आधी ऐकते व बोलते, आणि 'गोष्ट' किंवा 'रस्ता' म्हणताना त्याची जीभ अडखळत नाही. क्रमाचा मुद्दा मात्र सबळ आहे. बेचाळीस या शब्दात दोन आधी ऐकू येतात, कागदावर चार आधी लिहावे लागतात. जर्मन भाषेतही अशीच उलट रचना आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित असल्याचे आढळले. चेक भाषेचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तेथे दोन्ही रचना प्रचारात आहेत, आणि २०११ मधील एका अभ्यासात, उलट क्रमाच्या नावांनी संख्या सांगितल्यावर त्याच मुलांकडून उलटापालटीच्या चुका अधिक झाल्या. मूल तेच, संख्याही त्याच आवाक्यातल्या. बदलले होते केवळ नाव.

परंतु मराठीची अडचण क्रमापाशी संपत नाही. जर्मन शब्दात एकक, 'आणि' व दशक हे तीन अवयव स्पष्ट वेगळे दिसतात. मराठीत ते प्राकृतातून येता येता परस्परांत विरघळले आहेत. सहा या एका अंकाची रूपे पाहिली तरी पुरे : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यांपैकी 'सहा' हे रूप जसेच्या तसे एकाच ठिकाणी भेटते. दशकाची गतीही तीच. पन्नास हा शब्द बावन्नात 'वन्न' होतो, त्रेपन्नात 'पन्न' होतो. नव्वदाचा शहाण्णवात केवळ 'ण्णव' उरतो. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला यात नियम दिसतात आणि आनंदही होतो. सात वर्षांच्या मुलाला मात्र शंभर सुटी नावे पाठ करावी लागतात.

यांतही सर्वांत उपेक्षित राहिलेला गट एकोण-च्या शब्दांचा आहे. एकोणसाठ या शब्दात पाचही ऐकू येत नाहीत व नऊही ऐकू येत नाहीत. ऐकू येतात ते एक आणि साठ, आणि लिहावयाचे असतात पाच व नऊ. संस्कृतातील 'एक' व 'ऊन' यांचा हा संधी मुलाला न सांगता वजाबाकी करावयास लावतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठ नावे आहेत, आणि नवव्या ठिकाणी, म्हणजे नव्व्याण्णवाशी, भाषा अकस्मात आपली रीत मोडते. हिंदीत हा मोड एक दशक आधी, एकोणनव्वदासाठी असलेल्या 'नवासी' या शब्दापाशीच येतो. ज्या मुलाने एकोणसाठ ऐकून ६१ किंवा ६९ लिहिले, त्याने शब्दाचे विघटन बुद्धिपुरस्सर केले आहे असेच म्हणावे लागेल.

नॉर्वेने १९५१ मध्ये अशाच उलट रचनेऐवजी दशक-प्रथम रचना अधिकृत केली, हा दाखला सुधारणेच्या बाजूने देता येतो. तेथे या बदलाचा आग्रह प्रथम दूरध्वनी खात्याने धरला होता. क्रमांक सांगताना व ऐकताना होणाऱ्या चुका हे त्याचे कारण. मात्र नॉर्वेजियन शब्दाचे अवयव सुटे होते. ते पुढेमागे करणे एवढेच कार्य होते. तरीही जुनी रूपे बोलण्यातून पूर्णपणे गेली नाहीत. मराठीत 'सेहेचाळीस' आधी फोडावे लागते, तेव्हा कोठे 'चाळीस सहा' हाती लागते. म्हणून वाण्याच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर व आजीच्या तोंडी रूढ नावेच राहणार, हे गृहीत धरूनच शाळेने चालले पाहिजे. विरोधकांच्या म्हणण्यातील ग्राह्य भाग एवढाच. अस्मितेचा उरलेला कोलाहल विचारात घेण्याजोगा नाही.

आता दुसऱ्या मुलाकडे वळावयाचे. मेंदूच्या आघातानंतर प्रौढ मनुष्याची गणनशक्ती नष्ट होते, या अवस्थेला स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञ सालोमॉन हेनशेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात नाव दिले. आघात नसताना, बुद्धी सर्वसाधारण असताना, बालपणापासूनच दिसणाऱ्या गणनवैकल्याची व्याख्या लादिस्लाव कोश्च यांनी केली. ब्रातिस्लाव्हा येथील शाळकरी मुलांच्या त्यांच्या पाहणीचे विवरण १९७४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात हे प्रमाण सुमारे सहा टक्के आढळले होते. नंतरच्या पाहण्यांतही ते बहुधा तीन ते सात टक्क्यांच्या दरम्यान सांगितले जाते. चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन, क्वचित तीन मुले अशी असणार.

या मुलाची लक्षणे वेगळी आहेत. टेबलावरील तीन मणी पाहताच 'तीन' असे न म्हणता ते बोट ठेवून एकेक मोजते. आठ मोठे की सहा, हे सांगावयास त्याला इतरांहून स्पष्टपणे अधिक वेळ लागतो. सेहेचाळीस हे नाव ऐकून ते कदाचित ४६ असे बिनचूक लिहीलही. परंतु ही संख्या पन्नासाच्या जवळ की दहाच्या, या प्रश्नावर ते अंदाज बांधू शकत नाही. 'बे त्रिक सहा' ते गाण्यासारखे म्हणते, पण दोन-दोन चेंडूंच्या तीन राशी समोर ठेवल्या तर पुन्हा पहिल्यापासून मोजते. याच्या उलट भाषेने गोंधळलेले मूल ४६ च्या जागी ६४ लिहिते, परंतु त्याच्यापुढे मण्यांच्या दोन राशी ठेवल्या की मोठी रास कोणती हे क्षणात दाखविते. शिक्षकाच्या वहीत मात्र पहिल्याच्या नावापुढे बरोबरची खूण व दुसऱ्याच्या नावापुढे फुली पडते.

ब्रायन बटरवर्थ यांनी २००३ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध केलेल्या चाळणी-चाचणीत ठिपके मोजणे, अंकांची तुलना करणे व त्यासाठी लागणारा वेळ नोंदविणे यांवर जो भर आहे, त्याचे मर्म हेच. आकलनाची परीक्षा शक्य तितकी संख्यानामांवाचून घेतली जाते. इंग्रजीतील संख्या-श्रुतलेखनाचे प्रश्न मराठीत भाषांतरित करून वापरणे म्हणूनच सदोष ठरते. इंग्रजी नावांत दशक-एकक स्पष्ट असल्याने तेथील चूक पुष्कळदा स्थानिक किमतीच्या आकलनाकडे बोट दाखविते. मराठीत तीच चूक भाषेची असू शकते. बत्तीस, सेहेचाळीस व एकोणसाठ ही नावे एकाच प्रश्नात एकेका गुणासाठी विचारली, तर पहिल्यात क्रमाची, दुसऱ्यात रूपाची व तिसऱ्यात वजाबाकीची परीक्षा होते, आणि परीक्षकाला तिन्हींचा जमाखर्च एकाच खात्यावर मांडल्याचे भानही नसते. मराठी संख्यानामांतील चुकांचे असे वर्गीकरण करून प्रत्येक वयाला कोणती चूक स्वाभाविक, याचे कोष्टक तयार करणे हे भाषाविज्ञान विभागांचे काम आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन-अक्षमतांत डिस्कॅल्क्युलियाचा नावानिशी निर्देश आहे. प्रमाणपत्रावर परीक्षेतील सवलती अवलंबून असतात. म्हणजे निदानातील चुकीची किंमत मूल मोजते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार लक्ष्यपूर्वक साहाय्य देऊनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे. ही अट मराठी शाळेत विशेष उपयोगाची आहे, कारण भाषाजन्य चुका अशा साहाय्याने कमी होतात. घरी पावरी, गोंडी वा कन्नड बोलणारे व शाळेत मराठी संख्यानामे प्रथमच ऐकणारे मूल, तसेच इंग्रजी शाळेत शिकणारे व 'सदुसष्ट' ऐकून आईकडे पाहणारे मराठी घरातले मूल, या दोघांनाही हा अवधी मिळाला पाहिजे.

'वीस एक'चे मूल्यमापन या प्रकाशात केले, तर त्याचा दोष त्याच्या समर्थकांनी बाळगलेल्या अपेक्षेत दिसतो. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' व एकवीसाला 'दोन दहा एक' म्हणतात. याहून पारदर्शक नाव संभवत नाही. तरीही चिनी शाळांत गणनवैकल्याची मुले आहेतच. नावाच्या सुधारणेने पहिल्या मुलाची वाट सोपी होईल. दुसऱ्याला साहाय्य करावयाचे तर त्याच्या हातात वस्तू द्याव्या लागतील. दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या, दहाच्या नोटा व रुपयाची नाणी, भिंतीवर आखलेली संख्यारेषा, फाशावरचे ठिपके न मोजता ओळखण्याचा खेळ, हे साहित्य स्वस्त आहे आणि बहुतेक शाळांत आधीच उपलब्ध असते. बोटांवर मोजण्यास मनाई करू नये. पाढ्यांचा वेगाने घेतला जाणारा तोंडी जाब या मुलापुरता तरी बंद करावा, कारण त्यातून पाठांतर कळते, संख्या कळत नाही, आणि भीती मात्र निश्चित वाढते.

दोन नावांचा पूल या कामी वापरता येतो, आणि पाठ्यपुस्तकाची कल्पना येथे खरोखर उपयोगी पडते. चार गठ्ठे व सहा काड्या उचलताना 'चाळीस सहा, म्हणजे सेहेचाळीस' असे शिक्षकाने म्हणावे, मुलाने म्हणावे. काही दिवसांनी पहिला अर्धा भाग आपोआप गळतो. एकोण-चे शब्द मात्र या रांगेत न बसविता स्वतंत्रपणे, सहा पूर्ण गठ्ठे मांडून त्यांतील एक काडी मुलाच्या हातून काढून घेऊनच शिकवावेत.