'एक टोकरी भर मिट्टी' : एक पुनर्वाचन

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) मराठी वाचकाला आठवतात ते 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे अनुवादक म्हणून. मातृभाषा मराठी आणि कर्मभूमी रायपूर असलेल्या या लेखकाची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली 'छत्तीसगढ मित्र'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी चर्चा पुष्कळ झाली. परंतु हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादातच ती बहुतांशी अडकून पडली. अग्रपूजेचा मान ठरविण्याच्या भरात कथा वाचावयाची राहून गेली, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

कथानक अगदी लहान आहे. वाड्याचे आवार वाढविण्यासाठी जमीनदार एका अनाथ विधवेची झोपडी घेतो. तिची पाच वर्षांची नात घर सुटल्यापासून अन्नाला शिवत नाही. म्हणून चुलीसाठी त्याच जागेतील टोपलीभर माती नेण्याची परवानगी म्हातारी मागते, आणि टोपलीला हात लावण्याची विनंती खुद्द जमीनदारालाच करते. टोपली त्याच्याने उचलत नाही. एवढा भार पेलत नाही, तर साऱ्या जागेचा जन्मभर कसा पेलणार, हा तिचा प्रश्न ऐकून तो पश्चात्ताप पावतो व झोपडी परत करतो.

टीकाकारांना भावले ते हे हृदयपरिवर्तन. वस्तुतः कथेचा तोच भाग आज सर्वांत जुना वाटतो. (टॉलस्टॉयने जमिनीच्या हव्यासावरील आपल्या १८८६ च्या कथेत नायकाला असे सुखासुखी सोडलेले नाही.) सप्रे यांचा जमीनदार लाठी चालवीत नाही, वकिलांच्या थैल्या भरून तो न्यायालयाकडून ताबा मिळवितो. लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे जातो, आणि कथेचे वर्तमानाशी नाते जुळते ते तेथेच. नवा रायपूरसाठी जमिनी गेलेल्या गावांतील शेतकरी २०२२ साली मोबदला व पुनर्वसन यांसाठी आंदोलनास बसले. टोपलीशी वाकू शकेल असा कोणी एक धनी त्यांच्यासमोर नव्हता. होते ते शासन आणि विकास प्राधिकरण. संस्थेला पश्चात्ताप कसा व्हावा?

मराठी अनुवादकाला 'मिट्टी'साठी 'माती' सहज सापडते. न्यायालयाच्या त्या एका वाक्यातील उपरोध मात्र जपावा लागतो; तो सौम्य झाला की उरते ती शालेय पुस्तकातील नीतिकथा.