खलपुरुषाचे बालपण आणि त्याचे पितृत्व

व्यंगचित्रपटातील खलपुरुषास भूतकाळ असावा लागतो तो बहुधा त्याच्या दुष्टपणाचे कारण सांगण्यापुरता. २००७ साली सुरू झालेल्या डॅन पॉव्हेन्माइर व जेफ मार्श यांच्या ‘फिनिअस अँड फर्ब’ या अमेरिकन मालिकेत मात्र डॉ. हाइन्झ डूफेनश्मिर्ट्झ या पात्राचा भूतकाळ आणखी एक कार्य करतो. तो त्याला बाप म्हणून घडवितो. हे कार्य कसे घडते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

या पात्राच्या बालपणाच्या हकिकती हास्यास्पद, पण मुळात क्रूर आहेत. त्याच्या जन्मप्रसंगी आईबापांपैकी कोणीही हजर नव्हते. बागेतील शोभेचा बुटका पुतळा जप्त झाल्यावर त्याच्या जागी या मुलास उभे करण्यात आले. बापाने कुत्र्याचे नाव ठेवले ‘एकुलता एक मुलगा’. आईची माया गेली ती धाकट्या रॉजरकडे. या हकिकती तो सांगतो कोणाला? सापळ्यात अडकविलेल्या पेरी या मुक्या हेराला. सांगण्याचा साचाही ठरलेला असतो: अमुक घडले, म्हणून मी हे यंत्र बनविले. श्रोता उलट बोलू शकत नसल्याने या ‘म्हणून’ची तपासणी कधी होत नाही. कारणदर्शक अव्यय येथे सबबीचे काम करते.

मुलगी व्हनेसा हिच्याबाबतीत तेच दुःख सबब न राहता आचरण बनते. तिच्या सोळाव्या वाढदिवसासाठी तो लहान मुलीला शोभेल असा समारंभ मांडतो आणि ती ओशाळते. बालपणी तिला हवी असलेली बाहुली तो अनेक वर्षे शोधीत राहतो. ही माया खरी आहे, यात संशय नाही. परंतु तिचा रोख कोणाकडे आहे? बाप ज्या मुलाची भूक भागवू पाहतो, ते मूल पुष्कळदा व्हनेसा नसून तो स्वतःच असतो. लाडाचा अतिरेक हे उपेक्षेचेच उलटे रूप होय. दोन्हींत समोरचे मूल दिसत नाही.

येथे अशी शंका संभवते की, ज्याने उपेक्षा भोगली तो निदान उपेक्षा तरी करणार नाही. नॉर्म या यंत्रमानवाचे उदाहरण या शंकेचे उत्तर देते. डूफेनश्मिर्ट्झनेच घडविलेला नॉर्म त्याला बाबा म्हणू इच्छितो, आणि तो त्याला झिडकारतो. जे स्वतः सोसले तेच तो दुसऱ्याच्या वाट्यास देतो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. दुःख माणसाला आपोआप शहाणे करीत नाही. ज्याला आपण मूल मानतो त्याच्यापुरतेच ते उपयोगी पडते.

२०११ च्या चित्रपटात दुसऱ्या मितीतील डूफेनश्मिर्ट्झ याहून पुष्कळ निर्दय दाखविला आहे, आणि त्याचे दुःख काय, तर हरवलेली खेळण्यातील आगगाडी! दुःखाचे मान आणि दुष्टपणाचे मान यांचा हिशेब जुळत नाही, हे लेखकांनी येथे हसत हसत सुचविले आहे. ‘म्हणून’ या शब्दाचा दावा अशा रीतीने मालिकेनेच खोडून काढला आहे.

२०१५ मधील ‘उन्हाळ्याचा शेवटचा दिवस’ या भागात व्हनेसाला हेरसंस्थेत उमेदवारी करावयाची असते. बापाची दुष्कृत्ये तिच्या आड येतात, आणि तो ती सोडून देतो. या वेळी तो बाहुली देत नाही, समारंभही मांडीत नाही. मुलीला आज काय हवे ते ऐकून तो स्वतःची गोष्ट बाजूस ठेवतो. आपले बालपण मुलाच्या हाती देणे म्हणजे पितृत्व नव्हे. ते त्याच्या वाटेतून काढून घेणे, हेच पितृत्व होय. या पात्राने आपणांस हसविले आहे पुष्कळ, पण त्याचे स्मरण राहावे ते या एका कृतीसाठी. नॉर्मचा प्रश्न मात्र या कृतीने सुटत नाही, आणि वाचकाने तो विसरू नये.