दुःखाचा कवी आणि आनंदाचे प्रयोग

सुरुवात एका खेळाने करू. मी शब्द म्हणतो, मनात पहिलं काय येतं ते बघा. संत्रं! …हो, ‘बर्फी’ आलंच. नागपुरात दुसरं काय येणार? आता तीन शब्द घ्या: दिवाळी, मारुती, लोणचं. तिघांना जोडणारा चौथा सांगा. …बरोबर, ‘तेल’. पहिला शब्द सवयीने आला. दुसऱ्यासाठी मनाला जरा लांब जावं लागलं.

या लांब जाण्याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलिस आयसेन यांनी केला. १९७८ च्या त्यांच्या प्रयोगात खेळात जिंकलेल्यांना सुखद शब्द जास्त आठवले. १९८५ मध्ये दिसलं की प्रसन्न माणूस साध्या शब्दालाही कमी रुळलेला शब्द जोडतो. १९८७ मध्ये विनोदी चित्रफीत पाहिलेल्यांनी किंवा गोळ्यांची पुडी मिळालेल्यांनी अशी कोडी जास्त सोडवली. उदास करणाऱ्या फिल्मने मात्र तो फायदा झाला नाही.

मग आपल्या ग्रेसांचं काय करायचं? माणिक गोडघाटे, जन्म १९३७, आपल्याच शहरातला. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ चा. वातावरण पहिल्यापासून उदास. आणि शब्दांची जोडणी? नुसती शीर्षकं पाहा. ‘राजपुत्र आणि डार्लिंग’: एक शब्द आजीच्या गोष्टीतला, दुसरा इंग्रजी लाडातला, मध्ये साधा ‘आणि’. ‘चंद्रमाधवीचे प्रदेश’: आकाशातला चंद्र, अंगणातली वेल, आणि दोन्ही मिळून एक मुलूखच. यापेक्षा दूरचे शब्द कोण जोडणार?

इथे दोन सोप्या वाटा आहेत. प्रयोग खोटा म्हणा, किंवा ग्रेस ‘दुर्बोध’ म्हणा. मला दोन्ही पटत नाहीत.

प्रयोग काही मिनिटांत काय सुचतं ते मोजतो. कवितेत सुचणं अर्धंच काम असतं. दूरचे दहा शब्द सुचले, तर नऊ खोडावे लागतात. प्रसन्नतेने दारं उघडतात, हे मान्य. पण कोणाला आत घ्यायचं, हे बारकाईने पारखणं उदास मनाला अनेकदा जास्त जमतं, असं नंतरच्या संशोधनातही दिसलं आहे. म्हणजे एका कवितेत दोन्ही मनं राबत असू शकतात.

दुसरी चूक आपल्या समीक्षेची. कवितेतली संध्याकाळ म्हणजे लिहिणाऱ्याच्या टेबलावरचीही संध्याकाळ, असं आपण धरून चालतो. पानावरून ते कळत नाही हो! दुःखाला नेमका शब्द सापडला की लिहिणाऱ्याला आनंदच होतो. आयसेनबाईंची गोळ्यांची पुडी ती हीच असेल, असा माझा अंदाज.

ग्रेसांच्या काही ओळींत दूरचा शब्द दूरच राहतो, वाचकाला वाट मिळत नाही. तेही म्हणावं, पण ओळीवर बोट ठेवून. ‘दुर्बोध’ असा एकच शिक्का मारून नव्हे.

हे सगळं बोलायचं कारण सांगतो. लिहिणारी मुलं भेटतात आणि विचारतात, ‘सर, मोठं दुःख नसेल तर कविता येईल का?’ बाळांनो, दुःख असेल तर लिहा. पण कवितेसाठी म्हणून ते पाळू नका. हसून आलेल्या दिवशीही कागद घेऊन बसा. आणि दुसऱ्या दिवशी, मन शांत असताना, खोडायला बसा.