साध्या चांदीवरील उसनी फुले

जुन्या इंग्रजी चांदीच्या भांड्याला दोन साक्षीदार असतात. एक, त्यावर ठोकलेले छाप: शुद्धतेची खूण, परीक्षण झालेल्या नगराचे चिन्ह, कारागिराची अक्षरे व वर्षदर्शक अक्षर. दुसरा, त्याच्या अंगावरची नक्षी. दोघांची जबानी जुळली तर प्रश्न उरत नाही. परंतु असे कित्येक टँकार्ड, म्हणजे बिअर पिण्याचे झाकणाचे मोठे पेले, आढळतात की ज्यांचे वर्षाक्षर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असते आणि अंगभर मात्र व्हिक्टोरियाकालीन ठोकीव फुलापानांचा पूर असतो. क्वचित पेल्याला तोटी झाळून त्याचा जगही केलेला असतो. आमची तक्रार आहे ती या उसन्या शोभेविषयी.

मूळ भांडे कसे होते ते आधी पाहू. नाणी वितळवून भांडी करण्याला आळा बसावा म्हणून इंग्लंडमध्ये १६९७ ते १७२० या काळात भांड्यांसाठी हजारी ९२५ ऐवजी सुमारे ९५८ भाग शुद्ध चांदी सक्तीची होती. ॲन राणीच्या या काळातील अष्टकोनी कॉफीपात्र पाहावे. एखादे कोरलेले कुलचिन्ह सोडले तर शोभा अशी नाहीच. पैलूंवर उजेड मोडतो, तेवढेच. हे साधेपण दारिद्र्याचे नव्हे. प्रमाणात चूक झाली तर ती झाकायला येथे एक पानही नाही.

याच सुमारास लंडनमध्ये फ्रेंच ह्यूगनॉट कारागीर स्थिरावले होते. कॅथलिक राजा चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. फ्रान्सने गमावलेले हात लंडनला लाभले, हे आपण कॅथलिकांनी थोडे खजील होऊनच वाचावे. जाड पत्रा, भरीव ओतीव कड्या, पत्र्यातून कापून झाळलेली पाने ही त्यांची खासियत. अशाच कुटुंबात १६८८ साली जन्मलेल्या पॉल द लामेरीने १७३०च्या दशकात रोकोको शैलीला कळस चढविला. शिंपले, लाटा, वळसे, मुद्दाम मोडलेली समता, सारे काही तेथे आहे. तरी ते आम्हांस खटकत नाही, कारण त्याच्या उत्तम कामात मूठ, तोटी, पाय हेच अलंकार होतात. खरवडून काढावे असे वरचे काही नसतेच.

पुढे हर्क्युलेनियम व पाँपेई येथील उत्खननांनी अभिरुची पालटली. रॉबर्ट ॲडमच्या प्रभावाखाली कलशाकृती घाट, माळा, मण्यांची किनार आली. १७६१ मध्ये स्वतःचा छाप नोंदविणाऱ्या हेस्टर बेटमन या विधवेच्या कारखान्यातील काम याच वळणाचे: देखणे, पण आमच्या हाताला जरा हलके. पॉल स्टॉरच्या राजेशाही वजनाविषयी येथे न लिहिलेलेच बरे. त्याला वेगळा लेख हवा.

एकोणिसाव्या शतकात मात्र साधे म्हणजे अपुरे असे वाटू लागले. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विद्युत-मुलाम्याचे पेटंट घेतल्यावर नक्षीदार दिसणारे भांडे मध्यमवर्गाच्या मेजावरही येऊ लागले. वडिलोपार्जित साध्या चांदीचे धनी तिच्यावर फुले ठोकवून घेऊ लागले. ठोकताना पत्रा ताणला जातो. पुन्हा सपाट करू गेले तर खुणा राहतात, कुलचिन्ह पुसट होते, धातू विरतो. हौस एका पिढीची, हानी कायमची.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्लंडमधील छळकाळातील कॅथलिक चषक आहेत. एलिझाबेथ राणीच्या काळी मिस्साबलिदानाचे पुष्कळ जुने चषक वितळवून नव्या पंथाचे पेले घडविले गेले. गुप्तपणे फिरणाऱ्या धर्मगुरूंसाठी मग असे चषक झाले की ज्यांची वाटी, दांडा व पाया आट्यांवर फिरवून सुटे करावेत आणि सामानात लपवावेत. त्यांतील पुष्कळांवर सरकारी छाप नाहीत. कोणता कारागीर अशा कामावर आपले नाव ठोकील? पहिला साक्षीदार येथे गप्प आहे. उरतो फक्त घाट, आणि दांड्याभोवतीची ती बारीक सांध.