व्यापारबंदी आणि निर्यातबंदी : अर्थ व उपयोगाची चिकित्सा

परराष्ट्राला आपले धोरण बदलण्यास भाग पाडण्यासाठी त्याच्याशी होणारा व्यापार शासकीय आदेशाने थांबविणे म्हणजे व्यापारबंदी. देशांतर्गत भाव आटोक्यात ठेवण्यासाठी माल बाहेर जाऊ न देणे ही निर्यातबंदी होय. विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ नुसार केंद्र शासनाला आयात-निर्यातीवर बंदी घालण्याचा अधिकार आहे. कायदा एक असला, तरी दोन्हींचे हेतू भिन्न आहेत. मात्र बंदीचा भार कोणावर पडतो, या एकाच निकषावर दोन्ही तपासता येतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्यापारबंदीचे आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्या वर्षी भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, गोव्याकडील रेल्वे वाहतूक थांबविली आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. परंतु मुरगाव बंदर खुले राहिले. जीवनावश्यक माल समुद्रमार्गे येऊ लागला व लोहखनिजाची परदेशी निर्यात वाढली. लिस्बनचे सत्ताधारी नमले नाहीत. याउलट मुंबईत नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांना गावी जाणे-येणे व घरी पैसे पाठविणे दुरापास्त झाले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने. पर्यायी मार्ग खुला असताना घातलेली बंदी लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. ती सामान्यांवर येऊन थांबते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

निर्यातबंदीला हाच निकष लावल्यास तिरोड्यासारख्या धानउत्पादक तालुक्याचा प्रश्न पुढे येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाच्या आणि २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. दुसरी बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. म्हणजे २०२३ चा खरीप आणि त्यानंतरचा उन्हाळी धानाचा हंगाम तिच्या छायेत गेला. ग्राहकहित हे तिचे समर्थन होते आणि ते निराधार नव्हते. बाजारातून तांदूळ विकत घेणाऱ्या मजुरालाही भाववाढ सोसत नाही. तथापि शिधापत्रिकेवरील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शेतकऱ्याला आधारभूत किमतीचे संरक्षण होतेच, असा युक्तिवाद केला जातो. २०२३-२४ साठी साधारण धानाची ही किंमत क्विंटलमागे २,१८३ रुपये होती. परंतु आधारभूत किंमत हा भावाचा तळ आहे. निर्यातबंदी भावाचे छत खाली आणते. जागतिक बाजारात तेजी असताना ज्या वाढीव भावाची शक्यता निर्माण होते, ती गिरणीमार्गे धानउत्पादकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपते. या तोट्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही, म्हणून त्याची भरपाईही होत नाही.

सारांश, बंदी हे साधन सर्वथा त्याज्य नाही. मात्र तिचे लक्ष्य स्पष्ट असावे, मुदत पेरणीपूर्वी जाहीर व्हावी आणि ज्याच्यावर भार पडतो त्याला भरपाई मिळावी. परराष्ट्रावरील बंदीत किमान प्रतिपक्ष दूर असतो. निर्यातबंदीत तो आपल्याच बांधावर उभा असतो. ग्राहकाला दिलेल्या स्वस्ताईची किंमत एकट्या धानउत्पादकाने चुकवावी, हे न्याय्य धोरण म्हणता येणार नाही.