मगन संग्रहालय आणि वस्तूची निवृत्ती

संग्रहालयात येणारी वस्तू बहुधा आपल्या कामातून निवृत्त होऊन येते. मूर्तीची पूजा थांबते, तलवारीची लढाई सरते आणि मग त्यांना काचेआड स्थान मिळते. १७९३ मध्ये पॅरिसचे लूव्हर सर्वांना खुले झाले, तेव्हा राजसंग्रहाची मालकी राष्ट्राकडे गेली; वस्तूच्या या निवृत्तीत मात्र त्यामुळे काही फरक पडला नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३८ साली गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाचा विचार या संदर्भात करावयास हवा. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य चालत असे व कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. १९२८ मध्ये निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूत चरखे, खादी व ग्रामोद्योगांच्या वस्तू मांडल्या गेल्या. पाहणाऱ्याने त्या पाहून घरी जावे, एवढीच अपेक्षा नव्हती. त्या हाताळाव्यात, करावयास शिकाव्यात, ही होती. वस्तूची निवड तिच्या दुर्मिळतेवर न होता उपयोगावर व्हावी, हे तत्त्व संग्राहकाच्या परंपरागत वृत्तीस सरळ आव्हान देणारे होते.

त्याच वर्षी औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधींचे संग्रहालय सिद्ध झाले. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्‍री मूरचे माता-बालकाचे शिल्प आहे. रसिक व स्वतः चित्रकार असलेल्या राजाची निवड तेथे बोलते. (१९३९ मध्ये याच राजाने गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, हे कलेच्या इतिहासकाराने विसरू नये.) औंधचे चित्र पन्नास वर्षांनीही चित्रच राहते. चरख्याचे तसे नाही.

मगन संग्रहालयाच्या तत्त्वातील अडचण येथेच आहे. स्वातंत्र्योत्तर काळात अंबर चरखा आला आणि अधिक सूत काढू लागला. उपयोग हीच कसोटी मानली, तर मागे पडलेल्या जुन्या चरख्यास दालनातून हलवावयास हवे. तो ठेवला, तर त्याला ऐतिहासिक मूल्य आहे, हे मान्य करावे लागते. म्हणजे ज्या दुर्मिळतेस दाराबाहेर ठेवले, तीच सुधारणेच्या पावलांनी आत येते. पुढील काळात या संस्थेने सेंद्रिय कापूस व नैसर्गिक रंगांच्या खादीचे काम हाती घेतले. त्यामुळे मूळ तत्त्व जिवंत राहिले खरे. परंतु ते चालत्या मागावर राहिले, दालनातील जुन्या चरख्यात नव्हे. तो चरखा आता औंधच्या चित्रांच्या पंक्तीस बसला आहे.